सोळा तास

राईहून भाईंदर स्टेशनला बसने कधी वीस मिनिटं लागतात, कधी पाऊण तास. त्यामुळे आमच्या घरात अंतर किलोमीटरमध्ये कोणी विचारत नाही. कंपनी न्यू जर्सीला पाठवतेय हे सांगितलं, तेव्हा आईने मेथी निवडता निवडता एवढंच विचारलं, "किती तास लागतात रे?"

"थेट विमानाने साधारण सोळा. येताना वारा पाठीशी असतो, थोडे कमीच."

"मग जवळच आहे की! शेजारचे गणपतीत कोकणात जातात, त्यांना तेवढेच लागतात."

मुंबई ते न्यू जर्सी साडेबारा हजार किलोमीटर आहे हे मी सांगितलं नाही. आकडा खरा होता, आईचा जीव भांड्यात पडला. तरी मी तिला फसवलं असं तेव्हापासून वाटतंय.

दोन वर्षांपूर्वी काका पहाटे गेले. त्यांचा मुलगा तिथेच असतो. व्हिसाचा शिक्का संपलेला. इथे आला असता तर परत जाण्यासाठी मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नव्हता. दुपारी अंत्यविधी झाला. स्मशानात मी फोन धरून उभा होतो आणि तो पलीकडून बघत होता. मागे कोणीतरी पुटपुटलं, "सोळा तासांवर तर आहे, यायला काय झालं होतं?" फोन चालू होता. त्यानेही ऐकलं असणार.

आनंदीबाई जोशी आमच्याच ठाणे जिल्ह्यातल्या, कल्याणच्या. 7 एप्रिल 1883 रोजी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या आणि 4 जूनला न्यूयॉर्कला पोहोचल्या. अठ्ठावन्न दिवस. त्यांच्या जाण्यावर लोकांनी वाट्टेल ते बोलून घेतलं, पण घरात कोणी वारलं असतं तर 'का आली नाहीस' असं कोणी विचारू शकलं नसतं. जे शक्यच नाही ते कर्तव्य कसं असेल? हा तर्क कांटच्या नावावर सांगितला जातो. आमच्या गावात तो कांटशिवायही कळतो. पण विमानाने तो उलटा फिरवला. आता येणं शक्य आहे, म्हणजे न येणारा दोषी. तिकिटाचे पैसे, रजा, व्हिसा हे त्या सोळा तासांत कोणी धरतच नाही. आमच्या धंद्यात उत्तर यायला उशीर झाला तर आधी रांग कुठे तुंबलीय ते बघतात, वायरची लांबी नंतर.

तरी माझी बोच वेगळी आहे. समजा व्हिसा शाबूत आहे, पैसे आहेत, रात्रीचं विमानही मिळालं. सोळा तासांत मी पोहोचेन तो कशासाठी? कोणी आजारी पडलं किंवा गेलं तर. संध्याकाळी गुडघे दुखतात म्हणून गच्चीवरचे कपडे काढायला आई मला हाक मारते, त्यासाठी सोळा तास आणि अठ्ठावन्न दिवस यांत काहीच फरक नाही. सोळा म्हणताना मी तिच्या शेवटच्या दिवसाचा हिशेब सांगत होतो आणि ती गणपतीचा समजली.

जाऊ नये असं मला वाटत नाही. मला जायचंय, आणि तिलाही मी जावं असंच वाटतं. काल जेवताना तिने पुन्हा विषय काढला. मी म्हटलं, "वर्षातून एकदा येईन. तेही नक्की नाही."

ती ताटातला भात कालवत राहिली. मग म्हणाली, "हे आधी सांगायचंस."

मेलचं उत्तर शुक्रवारपर्यंत द्यायचं आहे.