खरे कोणते, खोटे कोणते?



खऱ्याखोट्याची पारख कशी करावी आणि पारख करणाऱ्याने स्वतः कसे वागावे, हा प्रश्न मध्यंतरी एका दगडी माशाच्या निमित्ताने माझ्यापुढे आला. त्यावर जो विचार केला तो आपल्यापुढे ठेवतो.

अलिबागच्या शाळेत माझ्या बाकावर बसणारा एक मित्र कोकणी मुसलमान. आमची मैत्री आजही टिकून आहे. त्याचा मुलगा रियाध शहरी नोकरीला आहे. रियाधच्या जुन्या मध्यवस्तीत बत्हा नावाचा बाजारभाग आहे. शुक्रवारच्या सुट्टीला हिंदुस्थानी, पाकिस्तानी, बांगलादेशी आणि फिलिपिनो कामगारांची तिथे दाटी होते. कोणी घरी पैसे पाठवायला येतो, कोणी कपडेलत्ते घ्यायला, तर कोणी नुसता आपल्या गावचा माणूस भेटावा म्हणून. या गर्दीत मुलाने एका ओळखीच्या इसमाकडून जेड दगडाचा, तळहातावर मावेल एवढा मासा विकत घेतला. चीनच्या हान राजवटीतला, दोन हजार वर्षांचा, असे त्याला सांगण्यात आले. अर्ध्या महिन्याचा पगार त्यात गेला. पुढे दुसरा एक कामगार तिप्पट किंमत द्यायला तयार झाला, तेव्हा मात्र मुलाचे मन चरकले. त्याने माशाचे फोटो वडिलांना पाठवले, वडिलांनी मला. खाली लिहिले होते : ‘चाचा, तुम्ही मास्तर. मासा खरा आहे का? आणि खरा नसेल तर विकू का?’

पहिला प्रश्न शास्त्राचा, दुसरा धर्माचा. पहिला अवघड आणि दुसरा सोपा, असे मला प्रथम वाटले. घडले उलटेच.

जेड मी शाळेच्या सहलीत पाहिला होता, मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये. हे संग्रहालय १९२२ साली लोकांसाठी खुले झाले. १९९८ पासून त्याला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय म्हणतात. १९१८ साली वारलेले सर रतन टाटा यांचा संग्रह तिथे आहे आणि त्यात चिनी जेडच्या वस्तू आहेत. आमच्या गुरुजींनी त्या वेळी सांगितलेली एक गोष्ट ध्यानात राहिली. जेड लाकडासारखा कोरता येत नाही. कठीण वाळू आणि पाणी लावून तो तासन्‌तास घासावा, झिजवावा लागतो.

जेड या एका नावाखाली खरे तर दोन वेगळे दगड मोडतात, नेफ्राइट आणि जेडाइट. हा फरक फ्रेंच शास्त्रज्ञ दामूर यांनी १८६३ साली दाखवून दिला. प्राचीन चीनचा जेड तो नेफ्राइट. ब्रह्मदेशातला हिरवागार जेडाइट चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर आला तो अठराव्या शतकापासून. म्हणून जेडाइटची वस्तू कोणी हान काळातली म्हणून दाखवली तर तिथेच संशय घ्यावा. याशिवाय सर्पेंटाइन नावाचा नरम दगड आणि साधी काचही जेड म्हणून खपवली जाते.

मी मुलाला कळवले, स्वयंपाकघरातला वजनकाटा घे. आधी मासा कोरडा तोल. मग काट्यावर पाण्याचे भांडे ठेव आणि मासा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडव, पण तळाला टेकू देऊ नकोस. काटा किती वाढला ते लिही. उत्तर आले : कोरडे वजन ८७ ग्रॅम, काटा वाढला २९ ग्रॅम. भागाकार तीन. नेफ्राइटचा आकडा तीनच्या आसपास असतो, जेडाइटचा ३.३ च्या आसपास, सर्पेंटाइनचा सुमारे २.६ आणि साध्या काचेचा २.५ च्या जवळपास. पोलादी चाकूने पोटाखाली हलकेच ओढून पाहिले, ओरखडा उठला नाही. तेव्हा दगड बहुधा खरा, नेफ्राइटच.

पण वय? दगडाचे वय आणि घडणावळीचे वय या दोन गोष्टी. दगड कोट्यवधी वर्षांचा असेल आणि मासा गेल्या वर्षी घडवलेला असेल. काळ सांगतात त्या हत्याराच्या खुणा. जुन्या कारागिराचे भोक बहुधा दोन्ही बाजूंनी पाडलेले, आत निमुळते होत गेलेले असते; यंत्राचे भोक सरळ, एकसारखे. जमिनीत पुरलेल्या जेडवर पांढरट वा तपकिरी छटा येते, पण तीच छटा आम्ल, आच आणि रंग वापरून आणणारे लोकही पुष्कळ आहेत. आमच्या माशाचे भोक नळीसारखे सरळ होते आणि तपकिरी डाग नेमका खवल्यांच्या खाचांतच साठला होता. लक्षणे नव्या कामाची. तरी फोटोवरून मी छातीठोकपणे खोटा म्हणू शकत नव्हतो.

या कामी मोठमोठे चुकले आहेत. अठराव्या शतकातला चीनचा सम्राट छ्येनलुंग जेडचा नामांकित शौकीन होता. त्याच्याजवळ मध्ये भोक असलेली एक प्राचीन चकती होती. ती वाडगा ठेवण्याची बैठक असावी असे त्याने ठरवले आणि त्या अर्थाची आपली कविता १७९० साली तिच्यावरच कोरून घेतली. चकती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ती खरोखर प्राचीन आहे. बैठक मात्र ती नव्हे. वस्तू खरी, पारख चुकलेली, आणि ती चूक वस्तूच्या अंगावर कायमची राहिली.

यावरून मला असे वाटते की दगड कधी खोटा नसतो. तो जो आहे तो आहे. खरा किंवा खोटा असतो तो त्याच्याविषयी केलेला दावा. तपासायचा तो दावा. आणि जेवढे तपासले तेवढेच बोलायचे.

इथे मुलाचा दुसरा प्रश्न येतो. त्याचे म्हणणे असे होते की, ‘मी फक्त एवढेच सांगेन की मला विकणाऱ्याने दोन हजार वर्षांचा म्हणून दिला. त्यात खोटे काय?’ शब्दाने पाहिले तर काहीच खोटे नाही. पण संशय आपल्या मनात ठेवायचा आणि विश्वास दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा, ही फसवणूकच. आपल्या मिश्नातील बाबा मेत्सियाचा चौथा अध्याय याच विषयावर आहे. भांडी रंगवून गिऱ्हाइकाची दिशाभूल करू नये, असे तिथे सांगितले आहे. तिथे जुन्याला नवे भासवण्याची भीती होती. जेडच्या बाजारात नव्याला जुने करतात. पाप तेच.

त्याच अध्यायात आणखी एक शिकवण आहे. व्यवहारात जशी फसवणूक असते तशी बोलण्यातही इजा असते. विकत घ्यायचे नसताना उगाच भाव विचारू नये. आणि धर्मांतर करून आलेल्याच्या मुलाला त्याच्या वाडवडिलांची आठवण करून देऊन टोचू नये. दुकानातला भाव आणि माणसाचे कूळ, दोन्ही एकाच ठिकाणी का सांगितले, हे मला तरुणपणी कळत नसे. आता कळते. वस्तू पारखण्याची सवय लागलेला मनुष्य लवकरच माणसेही पारखू लागतो.

आपला समाज हे विसरणार नाही. १९६२ साली इस्रायलच्या मुख्य रब्बीमंडळाने विवाहापूर्वी बेने इस्रायलांच्या आई-आजीपर्यंत चौकशी करण्याचे निर्देश काढले. कोकणातल्या तेल्याने सात पिढ्यांचे कागद कुठून आणावेत? आपले लोक रस्त्यावर उतरले, १९६४ च्या उन्हाळ्यात जेरुसलेममध्ये ठाण मांडून बसले, आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये क्नेसेटने हा समाज सर्वार्थाने यहुदी असल्याचे जाहीर केले. २०१६ साली शास्त्रज्ञांनी रक्तातल्या गुणसूत्रांवरूनही आपल्यात यहुदी वंशाचा अंश दाखवला. चांगले झाले. पण समजा, तसा अंश आढळला नसता, तर आपल्या आजीने शनवारी चूल न पेटवता पाळलेला दिवस खोटा ठरला असता काय?

दावीद राहबींची गोष्ट आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. त्यांनी आपल्या बायकांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि बायकांनी पंख व खवले असलेले तेवढेच निवडून शिजवायला घेतले. तीही पारखच होती. पण राहबींनी कागद मागितला नाही, आचरण पाहिले. आणि पारख झाल्यावर ते शिकवायला बसले. पारख करणाऱ्याचा हेतू यावरून ओळखावा. दार लावून घेण्यासाठी पारखणारा वेगळा, आणि आत बोलावण्यासाठी पारखणारा वेगळा.

मी मुलाला उत्तर लिहिले : ‘बेटा, गिऱ्हाइकाला चार गोष्टी सांग. दगड नेफ्राइट जेड दिसतो, वजन अमुक, बत्ह्यात अमुक किमतीला घेतला, वय ठाऊक नाही आणि काम नवे असल्याची लक्षणे आहेत. एवढे ऐकून त्याने घेतला तर खुशाल दे. आणि ज्याने तुला विकला त्याला लबाड म्हणू नकोस. कदाचित तोही असाच फसलेला असेल. मात्र त्याला जाऊन हे सांग, म्हणजे तो पुढे आणखी कोणाला तसे सांगणार नाही.’

गिऱ्हाईक ऐकून निघून गेले. तिप्पट किंमत गेली, पगारही परत आला नाही. मित्राचा फोन आला तेव्हा मी जरा धास्तावलो होतो, की माझ्या उपदेशाची किंमत त्याच्या घराला मोजावी लागली. तो म्हणाला, ‘पोरगा सुट्टीवर आला आहे. मासा त्याने मुलीला दिला. ती विचारते, हा किती जुना? तो सांगतो, ठाऊक नाही.’

ठाऊक नाही, हे बापाने मुलीला सांगणे मला त्या माशाहून मोलाचे वाटले.