वय विचारलं, मन नाही

फोन आला तेव्हा मी वरळी कोळीवाड्यातल्या बाजारात मांदेलीचा वाटा बघत होतो. पलीकडचा माणूस नेमकं माझ्यासमोर बसलेल्या मावशींचंच नाव घेत होता. 'त्यांना सांगा हप्ता भरायला. नाहीतर त्यांच्या ओळखीच्या सगळ्यांना असेच फोन जातील.' जून-जुलैच्या मासेमारी बंदीत हात तंग होता म्हणून मावशींनी एका ॲपवरून पाच हजार उचलले होते. ॲपनं त्यांच्या फोनमधली झाडून सगळी नावं उपसून नेली होती. विहीण, बर्फवाला, भिशीतल्या बायका आणि मी. 'माझा नंबर तुम्हाला कोणी दिला?' असं विचारल्यावर उत्तर तयारच होतं. 'मॅडमनी संमती दिलीय, सर. रेकॉर्डवर आहे.'

मावशी कोयता पुसत म्हणाल्या, 'मना काय ठावं? ते अलाऊ दाबल्याबिगर पुढंच जायना.'

धमकीपेक्षा मला तो शब्द जास्त लागला. संमती. मोबाइल आला आणि या शब्दाची किंमत गेली, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. हा शब्द आपल्या सार्वजनिक बोलण्यात रुळला तोच मुळी पोकळ होऊन. सन १८९१, संमतिवयाचा कायदा.

ती गोष्ट आपल्याला पाठ आहे. रखमाबाईंचा खटला, मलबारींची बालविवाहाविरुद्धची चळवळ, टिळक एका बाजूला आणि आगरकर दुसऱ्या, शेवटी कायदा झाला आणि सुधारकांची सरशी. रखमाबाईंपासून कायद्यापर्यंत एक सरळ रस्ता आखलेला असतो. माझ्या मते इथेच वाचन चुकतं. तो रस्ता सरळ नाही, मध्येच तो दुसरीकडे वळतो.

रखमाबाईंचं म्हणणं काय होतं? अकराव्या वर्षी वडीलधाऱ्यांनी लग्न लावलं, त्यात माझा होकार कुठे होता? मी आता जाणती आहे आणि मला नांदायला जायचं नाही. १८८५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती पिन्हे यांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला; अपिलात तो फिरला. मार्च १८८७ मध्ये हुकूम झाला, नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने कैद. बाईंनी कैद पत्करायची तयारी दाखवली. पुढे १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. या सगळ्याच्या मुळाशी प्रश्न एकच होता, हिची इच्छा आहे का?

आता १८९१ चा कायदा बघा. तिकडे बंगालमध्ये फुलमणी नावाची कोवळी पोर नवऱ्याच्या जबरदस्तीनं मेली होती आणि सरकारला काहीतरी करणं भागच होतं. कायद्यानं शरीरसंबंधासाठीची मुलीच्या वयाची मर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेली. त्या दोन वर्षांनी काही मुलींचे जीव नक्की वाचले असतील, ते मी कमी लेखत नाही. पण बायकोचं वय बारा झालं की पुढे काय? पुढे नवऱ्यापुरता प्रश्नच मिटला. ती 'हो' म्हणाली की 'नाही', हे कोणी विचारायचं कारण उरलं नाही. लग्नाला तिची संमती होती का, याला तर या कायद्यानं हातही लावला नाही. म्हणजे नाव संमतिवय. त्यातलं वय तेवढं विचारलं, संमती नाही. रखमाबाईंनी विचारलेल्या प्रश्नाच्या जागी एक आकडा बसला आणि आपण त्यालाच उत्तर समजलो.

आकडा सोयीचा असतो. तो तपासता येतो, नोंदवता येतो, कोर्टात दाखवता येतो. मन तसं दाखवता येत नाही. त्यानंतर आपण संमती मोजतच आलो आहोत. मुंबईचे कॉरोनर मलकानी यांच्या लाचखोरीच्या प्रकरणात एका डॉक्टरनं पोलिसांना आपल्या फोनला टेपरेकॉर्डर लावू दिला. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची परवानगी १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला पुरली. लाच मागणाऱ्याबद्दल कोण हळहळणार? तरी दोघांच्या संभाषणाला एकाचा होकार पुरतो, हे आपण तिथे शिकलो. सोसायटीच्या पुनर्विकासात एक्कावन्न टक्क्यांचा 'हो' उरलेल्यांनाही लागू होतो. २०२० मध्ये कोरोनात वरळीचा हा कोळीवाडा सील झाला, त्याच सुमारास आरोग्य सेतू ॲप 'ऐच्छिक' म्हणून आलं आणि महिन्याभरात कार्यालयात जाणाऱ्यांना सक्तीचं झालं.

२०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला, त्याबद्दल वाद नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं तर संमती मोकळ्या मनाची, विनाअट आणि समजून-उमजून दिलेली हवी, असं लिहून ठेवलंय. कागदावर रखमाबाई जिंकल्या म्हणायच्या. पण त्याच कायद्यात संमतीशिवाय माहिती वापरण्याच्या सरकारी वाटाही आहेत, आणि त्याची मुख्य कलमं लागू करायला नोव्हेंबर २०२५ च्या अधिसूचनेनं आणखी अठरा महिन्यांची मुदत दिली.

'आपल्या लोकांना कसली आलीय प्रायव्हसी? कोळीवाड्यात तर सगळ्यांची दारं सताड उघडी,' असं म्हणणारेही भेटतात. दार उघडं असतं, पण उंबरा असतो. शेजारीण आत डोकावते तेव्हा तिचंही दार मावशींना उघडंच असतं. ॲपवाल्याचं दार कुठल्या गल्लीत आहे, ते मावशींना कधी कळणार नाही.

राहिला तो वसुलीवाला. कर्ज देणाऱ्या ॲपनं ग्राहकाच्या फोनमधल्या नंबरांच्या यादीला हात लावायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्येच बजावलंय. ग्राहकानं अलाऊ दाबलं असलं तरीही. म्हणजे रेकॉर्डवरची ती संमती चालणारीच नव्हती, आणि माझी तर कोणी मागितलीही नव्हती. आम्ही सायबर गुन्ह्यांच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि मावशींच्या फोनमधून ॲप काढून टाकलं.

'मग आता नावं परत आली ना?' मावशींनी विचारलं.

नाही आली. ती अजून त्यांच्याकडेच आहेत.