सेवेची मोजदाद

गांधीजन्मशताब्दीच्या निमित्ताने, १९६९ साली, ३७ विद्यापीठांत जी राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली, तिच्या नियमांप्रमाणे स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास समाजकार्य करावयाचे व एका सात दिवसांच्या शिबिरास हजर राहावयाचे असते. हे तास एकदा दफ्तरी चढले की प्रमाणपत्र हाती पडते. परंतु ज्याने गावची विहीर उपसली त्याच्या ठायी नागरिकधर्म उपजला किंवा नाही, याची मोजदाद नोंदवहीने व्हावी तरी कशी? गीतेच्या सतराव्या अध्यायात फलाशेने दिलेल्या दानास राजस म्हटले आहे, आणि त्या कसोटीस लावले असता प्रमाणपत्रासाठी केलेले श्रमदान सात्त्विक ठरणार नाही, हे उघड आहे. तथापि एवढ्यावरून हजेरीपटच निरर्थक ठरविणे मला उतावीळपणाचे वाटते. कारण न्याय्य कृत्ये करीत गेल्यानेच मनुष्य न्यायी होतो असे ॲरिस्टॉटलचे मत आहे, आणि एखाद्या मुलाने पहिल्यांदा खराटा गुणांच्या लोभाने उचलला म्हणून पुढे तो निर्हेतुकपणे उचलणारच नाही, असे छातीठोकपणे कोण सांगेल? (गुणांचा लोभ मुलांपेक्षा महाविद्यालयांनाच अधिक, ही गोष्ट निराळी.) परीक्षा घ्यावयाचीच असेल, तर पदवी मिळून पाचसहा वर्षे लोटल्यावर, हजेरी घेणारा कोणी उरला नसताना, हा गृहस्थ ग्रामसभेस आपण होऊन जातो काय, आणि तेथे सरपंचास जमाखर्चाचा हिशेब विचारतो काय, याची चौकशी करावी.