स्फूर्तीचे ऋण : ग्राफिक डिझाइनमधील अनुकरणाचा प्रश्न

१

कलाव्यवहारात ‘स्फूर्ती’ हा शब्द पुष्कळदा ऋण झाकण्यासाठी वापरला जातो. एखादी कल्पना दुसऱ्याकडून ‘घेतली’ असे म्हटले, की ज्याच्याकडून घेतली त्याचा निर्देश करणे भाग पडते. त्याचे काम पाहून ती ‘स्फुरली’ असे म्हटले, की तोच निर्देश ऐच्छिक ठरतो. साहित्यविचारात हा प्रश्न जुना आहे. ग्राफिक डिझाइनच्या क्षेत्रात मात्र गेल्या दोन दशकांत त्याला वेगळी धार आली आहे.

डिझाइनरच्या निवडक कामांचा संच, म्हणजे पोर्टफोलिओ, पूर्वी मोजक्या डोळ्यांसाठी असे. ग्राहकासमोर किंवा जाहिरातसंस्थेच्या कलादिग्दर्शकासमोर तो उलगडला जाई आणि पुन्हा बांधून ठेवला जाई. २००५ मध्ये स्थापन झालेले बिहान्स, २००९ मधील ड्रिबल आणि २०१० मधील पिंटरेस्ट या संकेतस्थळांनी त्याचा वाचकवर्गच पालटला. समव्यवसायी आणि विद्यार्थी यांच्यासाठी पोर्टफोलिओ हे स्फूर्तीचे भांडार झाले. वाचक बदलला की संहितेचे कार्यही बदलते. जे एका व्यक्तीच्या क्षमतेचे प्रमाण होते, ते इतरांसाठी आदर्श ठरले. अशा आदर्शापासून घेणाऱ्यावर कोणते नैतिक बंधन येते, हा येथील प्रश्न आहे.

२

आनंदवर्धनाने ‘ध्वन्यालोका’च्या चौथ्या उद्द्योतात दोन काव्यांतील साम्याला ‘संवाद’ म्हटले असून त्याचे तीन प्रकार मानले आहेत : प्रतिबिंबासारखा, चित्रासारखा आणि समान देह असलेल्या दोन व्यक्तींसारखा. पहिल्याला स्वतःचा आत्माच नसतो, दुसऱ्याचा आत्मा पोकळ असतो; म्हणून ते दोन्ही त्याज्य. तिसऱ्यात बाह्य साम्य असले तरी आत्मा स्वतंत्र असतो, म्हणून तो ग्राह्य. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त यात परपुरप्रवेशसदृश या चौथ्या प्रकाराची भर घातली. त्यात मूळ एकच असते, परंतु त्याभोवतीची सारी मांडणी दूरची आणि वेगळी असते.

या वर्गीकरणाचे महत्त्व असे, की ते साम्य दिसताच निर्णय देत नाही. साम्याच्या आत स्वतंत्र प्राण आहे की नाही, हे ते विचारते. ग्राफिक डिझाइनला हा निकष लावणे मात्र सोपे नाही. वर्तुळ, आयत, रेषा आणि अक्षर एवढ्याच सामग्रीवर बोधचिन्ह उभे राहत असल्याने तेथे देह आणि आत्मा यांतील अंतर फार थोडे उरते.

२०२० च्या टोकियो ऑलिंपिकचे पहिले बोधचिन्ह या संदर्भात उद्बोधक आहे. केंजिरो सानो यांनी रचलेले हे चिन्ह जुलै २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. बेल्जियममधील लीएजच्या नाट्यगृहासाठी आपण केलेल्या चिन्हाशी त्याचे साम्य असल्याचा आक्षेप ओलिव्हिए देबी यांनी घेतला. सानो यांनी अनुकरणाचा आरोप नाकारला. तरीही १ सप्टेंबर २०१५ रोजी ते चिन्ह मागे घेण्यात आले. आनंदवर्धनाच्या दृष्टीने बाह्य साम्यावरून येथे काहीच सिद्ध होत नाही. पण याच वादात आणखी एक गोष्ट उघडकीस आली. हे चिन्ह प्रत्यक्ष वापरात कसे दिसेल हे दाखवण्यासाठी तयार केलेल्या चित्रांत इतरांची छायाचित्रे परवानगीविना वापरली गेली होती. चिन्हाच्या आकाराबद्दल अखेरपर्यंत मतभेद शक्य होता. या उचलीबद्दल तो नव्हता. म्हणजे निःसंशय उसनवारी झाली ती चिन्हाचा उपयोग रंगवणाऱ्या देखाव्यात.

३

हा तपशील किरकोळ वाटला तरी पोर्टफोलिओच्या प्रकृतीवर तो प्रकाश टाकतो. उपयोजित कलेची कृती एका गरजेचे उत्तर असते. पोर्टफोलिओत उत्तर दिसते, गरज दिसत नाही. ग्राहकाचा आग्रह, छपाईच्या मर्यादा, बाद झालेले पर्याय हे सारे गळून पडते आणि उपयोगाची जागा उपयोगाचे काल्पनिक चित्र घेते. ड्रिबलवर तर आरंभीच्या काळात कामाचा एक लहानसा तुकडाच ४०० गुणिले ३०० पिक्सेलच्या चौकटीत मांडला जाई. अशा तुकड्यावरून स्फूर्ती घेणारा उत्तर उचलतो, पण त्याचा प्रश्न त्याला ठाऊक नसतो. आनंदवर्धनाच्या परिभाषेत ही आलेख्यवत् निर्मिती होय : आकार पूर्ण, आत्मा पोकळ.

यावर असा आक्षेप येऊ शकतो, की इतरांचे काम पाहिल्याविना कोणताही कलावंत घडत नाही. आक्षेप रास्त आहे. मम्मटानेही काव्याच्या कारणात शक्ती आणि अभ्यास यांच्याबरोबर निपुणतेचा समावेश केला आहे. परंतु ती निपुणता लोक, शास्त्र आणि काव्य यांच्या अवलोकनातून येते असे तो मानतो. या क्रमात काव्य तिसरे आहे. पोर्टफोलिओवरच पोसलेल्या दृष्टीत लोक आणि शास्त्र वगळले जाऊन केवळ काव्य उरते. त्याचा परिणाम देवनागरीत सहज दिसतो. रोमन अक्षरांसाठी केलेली घट्ट ओळींची आकर्षक रचना जशीच्या तशी उचलली, की शिरोरेषेवरील वेलांट्या आणि खालचे उकार एकमेकांवर आदळतात. ‘मंगल’ या संगणकीय टंकाचे कर्ते र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरकारापुढे जो प्रश्न असतो तो लिपीच्या घडणीतून येतो. तयार उत्तर उचलणाऱ्याला तो पडतच नाही.

४

मग ऋणाचे काय? वैदिक परंपरेतील ऋषिऋणाची कल्पना येथे आठवणे स्वाभाविक आहे. ते ऋण ऋषीला परत करायचे नसते. स्वाध्यायाने फेडायचे असते. या न्यायाने, जो उत्तराऐवजी प्रश्नाचा अभ्यास करतो आणि आपले कामही इतरांसाठी खुले ठेवतो, तो ऋणमुक्त होतो असे म्हणता येईल. ही उपपत्ती आकर्षक आहे, पण अपुरी आहे. पोर्टफोलिओ मांडणारा हयात असतो आणि बहुधा कामाच्या शोधात असतो. त्याचे चित्र समोर ठेवून ‘असेच, पण कमी मोबदल्यात’ दुसऱ्याकडून करून घेतले जाते, तेव्हा स्वाध्यायाने ती हानी भरून निघत नाही.

टोकियोच्या उत्तरकथेत याचे एक सूचन सापडते. एप्रिल २०१६ मध्ये निवडले गेलेले असाओ तोकोलो यांचे चिन्ह एदो काळातील इचिमात्सु या चौकटीच्या नक्षीवर आधारलेले होते. येथील उसनवारी उघड होती आणि ती चोरी ठरली नाही, कारण नक्षी साऱ्या समाजाची होती आणि तिच्यावर कोणाचे पोट अवलंबून नव्हते. तरीही ही नक्षी वेषात रूढ करणाऱ्या सानोगावा इचिमात्सु या अठराव्या शतकातील काबुकी नटाचे नाव तिने आजवर वागवले आहे. सार्वजनिक झालेली वस्तूही आपला उगम विसरतेच असे नाही.

सर्व संस्कारांचा हिशेब ठेवणे कोणालाही शक्य नाही. कित्येक आकार पाहिल्याचे भानही डोळ्याला नसते. तशी अपेक्षा ठेवली तर प्रत्येक रसिक आरोपी ठरेल. परंतु जे ठाऊक आहे ते न लपवणे शक्य आहे. दुसऱ्याच्या कामाला आपल्या कामाने उत्तर देण्याची आणि तो दुवा दृश्य ठेवण्याची सोय ड्रिबलने आरंभी दिली होती; उलट पिंटरेस्टवर हातोहात फिरणारे चित्र पुष्कळदा कर्त्याचे नाव वाटेतच हरवते. दोन्हीकडे पाहणे तेच असते, पण एका ठिकाणी वंशावळ टिकते आणि दुसऱ्या ठिकाणी अनाथ आकारांची गर्दी होते. ज्या आकाराचा कर्ता दिसत नाही, तो उचलताना कोणाचे काही घेतले असे वाटतच नाही. स्फूर्ती आणि अपहार यांतील सीमा आकारांच्या तुलनेने ठरत नाही ती यामुळेच. घेणाऱ्याने प्रश्न स्वतःचा केला की नाही आणि देणारा त्याच्या दृष्टीसमोर राहिला की नाही, या दोन कसोट्यांवर ती ठरते. त्यांपैकी पहिली कलेची आहे आणि दुसरी नीतीची. पहिलीत उत्तीर्ण झालेली कृती दुसरीतून आपोआप सुटत नाही.