पेला ताटाशेजारी



इटलीच्या तोस्काना प्रांतात कियांती नावाचा तांबडा द्राक्षारस होतो. तो बहुधा मिश्रणाचा असतो. बॅरन बेत्तिनो रिकासोली यांनी १८७२ साली एका पत्रात त्याची रीत लिहून ठेवली. सांजोवेझे द्राक्षातून सुगंध व जोम घ्यायचा आणि त्याचा कडकपणा उतरवायला कानायोलोची गोडी मिसळायची.

घरी टोमॅटोच्या रसात पास्ता शिजला की हाच द्राक्षारस शोभतो. टोमॅटो आंबट, हाही आंबटसर, म्हणून कोणी फिका पडत नाही. त्याचा तुरटपणा मांस आणि चीज यांच्या स्निग्धतेत मऊ होतो. (आपली मनुका-साखरेची घरगुती वाइन मात्र नाताळच्या केकबरोबरच बरी!)

असा द्राक्षारस नुसता प्यायला तर घशाला टोचतो. त्याला घास लागतो, आणि घासाला सोबत लागते.

करिंथ येथे प्रभुभोजनासाठी जमलेल्यांपैकी काही उपाशी राहत, तर काही पिऊन धुंद होत. संत पौलाने त्यांना खडसावले (१ करिंथ ११:२१). बाप बाहेरूनच पिऊन येतो आणि त्याआधीच आई मुलांना जेवू घालून निजवते, त्या घरात वेगळे काय घडते?

काना गावी द्राक्षारस संपल्याचे पवित्र मरियेच्या ध्यानात आले. आपल्या घरी काय संपले आहे, हे बहुतेक वेळा घरच्या माउलीलाच ठाऊक असते. आज मिस्साहून परतल्यावर सर्वांनी एकत्र जेवायला बसा. पेला भरायचा की नाही, ते आधी तिला विचारा.