तळघरावरची प्रार्थना

सज्जनहो, नाथषष्ठी करून पैठणहून परतताना आम्ही धर्माबादकर मंडळी वेरूळला घृष्णेश्वराच्या दर्शनास आणि तेथून खुलदाबादला भद्रा मारुतीस गेलो. गाडीला अवकाश होता, म्हणून जर जरी जर बक्ष यांच्या दर्ग्याजवळची मलिक अंबरची कबर पाहून आलो. तेथे उभ्या उभ्या मंडळींना मी त्याची हकिकत सांगितली. हबसाणात, म्हणजे आजच्या इथिओपियात, १५४८ च्या सुमारास जन्मलेले हे पोर. नाव चापू. लहानपणीच विकले गेले. मोखा, बगदाद अशा ठिकाणी हातोहात फिरत शेवटी अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याच्या पदरी आले. हा चंगीझखानही एके काळचा गुलामच. पुढे अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. १६१० साली त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर वसविले, शहराला नहरीचे पाणी आणले, १६२४ साली भातवडीला मोगल व विजापूरकर यांच्या एकत्र फौजा मोडल्या आणि १६२६ साली देह ठेवला.

मी म्हणालो, "पाहा देवाची करणी! विकला गेला म्हणून तर वजीर झाला. ज्याचे त्याचे प्रारब्ध!"

आमच्यात एक म्हातारी माउली होती. ती म्हणाली, "महाराज, ह्यो वजीर झाला, ब्येस झालं. पर ह्याच्यासंगं इकलेल्या बाकीच्या लेकरायचं काय झालं? आन् ह्याच्या मायचं काय?"

चाळीस वर्षे कीर्तन करतो, पण त्या प्रश्नापुढे माझे तोंड मिटले. ते का मिटले, हे सांगण्यासाठीच हा लेख.

अंबर पूर्वेकडे विकला गेला. आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर यापेक्षा मोठा बाजार भरत होता. घाना देशात एल्मिना येथे पोर्तुगीजांनी १४८२ साली किल्ला बांधला. आधी सोन्यासाठी, पुढे माणसांसाठी. सोळाव्या शतकापासून एकोणिसाव्या शतकापर्यंत सुमारे सव्वा कोटी माणसे त्या किनाऱ्यांवरून गलबतांत कोंबून अमेरिका खंडाकडे नेली, असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यांतली सुमारे अठरा लाख वाटेतच गेली, समुद्रात टाकली. सेनेगल देशातले गोरे बेट १९७८ साली आणि घानातले किल्ले १९७९ साली जागतिक वारसा म्हणून नोंदले गेले. विकल्या गेलेल्यांचे वंशज आता सातासमुद्रांपलीकडून तेथे येतात, ज्या दारातून पूर्वज गेले आणि परतले नाहीत त्या दारात उभे राहतात आणि रडतात.

मी तेथे गेलेलो नाही. परंतु तेथली एक गोष्ट कळल्यापासून मला झोप लागत नाही. केप कोस्ट नावाच्या किल्ल्यात पुरुष कैद्यांचे तळघर आहे आणि त्याच्या माथ्यावरच प्रार्थनामंदिर होते. खाली अंधारात माणसे कण्हत होती आणि वर भाविक लोक देवाची स्तुती गात होते. त्यांना ऐकू येत नव्हते काय? येत असेल. पण "त्यांचे प्रारब्ध" या अर्थाचा काही तरी शब्द त्यांच्या भाषेतही असलाच पाहिजे.

आता माझ्या घरचे सांगतो. निजामी अमदानीत आमच्या या तेलंगण सीमेवर कर्जापोटी राबणाऱ्या गड्याला 'भगेला' म्हणत. राज्य गेले, पण चाल लगेच गेली नाही. मी लहान असताना आमच्या गोठ्यात असा एक गडी राहत असे. त्याच्या बापाने लग्नासाठी आमच्या आजोबांकडून रक्कम घेतली होती. बाप फेडता फेडता मेला, मग मुलगा आला. रोज सांजेला ओसरीवर आमचा हरिपाठ चाले. तो गडी गोठ्याच्या दारात बसून टाळीवर टाळी धरी. मी एकदा आजोबांना विचारले, "हा आपल्या घरी का जात नाही?" आजोबा शांतपणे म्हणाले, "बाळ, त्याचे प्रारब्ध." १९७६ साली वेठबिगारीविरुद्ध कायदा झाला तेव्हा तो सुटला. आजोबा वाईट नव्हते. वारी चुकवीत नसत. म्हणूनच ही गोष्ट जड जाते.

आता शास्त्र पाहू. मनूने दासांचे सात प्रकार सांगितले आहेत, त्यांत 'क्रीत', म्हणजे विकत घेतलेला, हाही आहे. तेव्हा हे पाप परक्यांचेच, असे म्हणायला आपल्याला तोंड नाही. राहिला प्रारब्धाचा प्रश्न. कोणी म्हणेल, दुःख हे पूर्वकर्माचे फळ असेल तर गुलामाचे दुःखही त्याच्या कर्माचेच. यावर माझे उत्तर असे. भोगणाऱ्याच्या बाजूने जे प्रारब्ध, ते करणाऱ्याच्या बाजूने क्रियमाण आहे. विकणाऱ्याला त्या क्षणी न विकण्याची मोकळीक होती. तो हिशेब त्याच्या नावावर चढला. आणि दुसऱ्याचे संचित पाहिले कोणी? न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष देणे म्हणजे खोटी साक्ष. प्रारब्ध हा शब्द आपले दुःख सोसायला दिलेला आहे, दुसऱ्याचे दुःख झाकायला नव्हे.

अंबर मोठा झाला म्हणून विक्री चांगली ठरते काय? खडकावर पडलेले बी उगवले तर श्रेय बियाचे. खडकाची पूजा कोणी करीत नाही. त्या म्हातारीने बाकीचे बी आठवले, मी विसरलो होतो.

कोणी विचारील, आपल्या जनाबाई स्वतःला दासी म्हणवीत, मग दास्य वाईट कसे? गंगाखेडची ही माउली दामाशेटींच्या घरी राबली हे खरे. पण देवाचे दास्य तिने आपल्या मनाने पत्करले. जो स्वतःचा आहे तोच स्वतःला देऊ शकतो. हिसकावून घेतलेल्या वस्तूला दान म्हणत नाहीत.

मग अशा दुःखाच्या जागी जावे काय? ज्याच्या योगे तरून जाता येते ते तीर्थ. नुसते पाहून, हळहळून, प्रसाद घेतल्यासारखे परत आलो तर ती सहल झाली. पण वारकऱ्याला दुःखाच्या जागेपुढे वाकणे नवे नाही. मंगळवेढ्याला गावकुसाचे काम करताना भिंत कोसळून चोखोबा गेले. त्यांची समाधी महाद्वारापुढे आहे आणि आपण तेथे माथा टेकतो. तरीही चोखोबांच्या समाजाला त्या द्वारातून आत जाण्यासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. समाधीपुढे माथा शतकानुशतके टेकत होता, दार मात्र बंदच होते. नमस्कार झाला म्हणजे काम झाले नाही, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

खुलदाबादहून परतल्यावर मी आमच्या जुन्या गोठ्यात जाऊन बसलो. आता तेथे मिरचीची पोती असतात. दुसऱ्या दिवशी त्या गड्याच्या मुलाकडे गेलो. आजोबांच्या वहीत त्याच्या बापाच्या नावापुढे आकडा होता, राबल्याची वर्षे कुठेच नव्हती. ती वही मी त्याच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "बाबा, देणे आमच्याकडे आहे. बोल." तो पुष्कळ वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "महाराज, बापाचं नाव कीर्तनात घ्या. गडी म्हणून नाही, टाळकरी म्हणून." तेवढ्याने देणे फिटत नाही, हे मला कळते. मजुरीचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून मांडायला घेतला आहे.

म्हणून वाचकहो, खुलदाबादला गेलात तर कबरीपाशी जरूर थांबा. परंतु त्या वाटेने घरी या, आणि आपला हरिपाठ कोणाच्या तळघरावर तर चालला नाही ना, हे एकदा खाली वाकून पाहा. रामकृष्णहरि.