स्टारबकचे मौन

हर्मन मेलव्हिलची 'मोबी-डिक' (१८५१) ही कादंबरी देवमाशांच्या शिकारीची. पण तिच्या १२३व्या प्रकरणात देवमासा नाही, भाला नाही, समुद्रही जवळजवळ नाही. एक झोपलेला माणूस, आतून कडी घातलेले दार आणि दाराबाहेर भरलेली बंदूक घेऊन उभा असलेला दुसरा माणूस, एवढाच त्याचा ऐवज.

आत निजला आहे कप्तान अहाब. ज्या पांढऱ्या देवमाशाने आपला पाय तोडला त्याचा सूड घेण्यापायी त्याने 'पीक्वॉड' हे जहाज, त्याच्या मालकांचा व्यापार आणि तीसएक खलाशांचे प्राण पणाला लावले आहेत. बाहेर आहे त्याचा पहिला अधिकारी स्टारबक, नँटकेट बेटावरचा, क्वेकर घराण्यातला देवभीरू गृहस्थ. टायफूनचा जोर ओसरून वारा अनुकूल झाल्याची वर्दी देण्यासाठी तो खाली आला आहे. भिंतीशी उभ्या ठेवलेल्या बंदुकांपैकी एक काही काळापूर्वी अहाबने त्याच्यावर रोखली होती. नेमकी तीच तो उचलतो.

यापुढे येते ते स्टारबकचे स्वगत. एखाद्या प्रामाणिक माणसाने खुनाची जुळवाजुळव कशी करावी, याचे इतके खरे चित्रण क्वचितच वाचावयास मिळते. तो पुरावे गोळा करतो: या माणसाने क्वाड्रंट फोडून टाकले, वादळात विजेपासून रक्षण करणाऱ्या साखळ्या लावू दिल्या नाहीत. उद्या जहाज बुडाले तर तीसएक जणांचा खुनी तोच ठरणार. मग तो खून घडण्याआधीच त्याला संपविणे हा गुन्हा कसा? अहाबला बेड्या घालून परत नेण्याचा विचार त्याच्या मनात येतो, पण बांधलेल्या त्या वाघाची गर्जना आपल्याला सोसवणार नाही म्हणून तो बाजूस सारला जातो. जमीन शेकडो कोस दूर, जवळचा देश जपान, आणि तो परक्यांना बंद. मध्येच पत्नी मेरी आणि लहानग्या मुलाची आठवण येते. एवढ्यात अहाब झोपेत त्या माशाच्या नावाने ओरडतो. स्टारबकचा हात थरथरतो. बंदूक जागेवर परत जाते.

यावर वाचकांचे बहुधा दोन पक्ष पडतात. एकासाठी परतलेली बंदूक हा सदसद्विवेकाचा जय, तर दुसऱ्यासाठी तो पुढे झालेल्या सर्वनाशाला कारण ठरलेला दुबळेपणा. दोन्ही पक्ष चापाकडेच पाहतात, म्हणून मला ते अपुरे वाटतात. झोपलेल्या माणसावर गोळी न झाडणे योग्यच होते, असे मी मानतो. प्रश्न त्यानंतरचा आहे. एक अधर्म टाळला की माणूस उरलेल्या कर्तव्यातून मोकळा होतो काय?

याचे उत्तर मेलव्हिलने आधीच पेरून ठेवले आहे. १०९व्या प्रकरणात तळघरातील पिपांतून तेल गळत होते. जहाज थांबवून पिपे वर काढावीत, असा आग्रह स्टारबकने धरला आणि अहाबने बंदूक रोखली. तेव्हा स्टारबक डगमगला नाही. अहाबने माझे नव्हे, स्वतःचेच भय बाळगावे, एवढे शांतपणे सांगून तो निघून गेला. आणि थोड्याच वेळात अहाबने पिपे वर काढण्याचा हुकूम दिला. नळी छातीवर असताना या माणसाला शब्द सुचले होते आणि ते फळासही आले होते. आता बंदूक त्याच्या हाती आहे, तर बोलणेच खुंटले आहे.

तिसरी वाटही नव्हती असे नाही. ४६व्या प्रकरणात अहाबला स्वतःलाच धास्ती वाटते, की व्यापारी सफर खाजगी सूडासाठी वळविल्यामुळे खलाशांनी आज्ञा पाळण्याचे नाकारले, तर नीती आणि कायदा दोन्ही त्यांच्याच बाजूला असतील. लेखकाला हे ऐकीव नव्हते. १८४२ मध्ये 'लूसी ॲन' या शिकारी जहाजावर काम नाकारणाऱ्या खलाशांत तो स्वतः होता आणि त्यासाठी ताहितीत कैदही भोगली होती. बंदुकीजवळचा स्टारबक मात्र सारा हिशेब एकट्यानेच करतो. ज्या तीसएक जणांच्या नावाने तो मांडला आहे, त्यांपैकी एकालाही तो विचारीत नाही. डेकवर एकदा त्याने सर्वांदेखत विरोध केला होता हे खरे. पण तेव्हा खलाशी अहाबच्या बाजूने गेले, आणि त्या पराभवानंतर त्याने त्यांचा नादच सोडलेला दिसतो.

भारतीय वाचकाला येथे अर्जुन आठवल्यावाचून राहत नाही. तथापि अर्जुन धनुष्य टाकतो आणि मग विचारू लागतो. स्टारबक बंदूक ठेवतो आणि वर जाऊन स्टबला सांगतो, कप्तान गाढ झोपले आहेत, खाली जाऊन वर्दी तूच दे. ज्याला मारावयाचे नाही असे ठरले, त्याला उठविण्याचे धैर्यही उरलेले नाही. २६व्या प्रकरणात निवेदकाने बजावले होते, की या माणसाचे शौर्य वाऱ्यालाटांपुढे टिकेल, पण एखाद्या प्रबळ माणसाच्या क्रोधापुढे टिकेलच असे नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उमगते, की विजेने होकायंत्राच्या सुया उलट फिरविल्या होत्या. जहाज पूर्वेऐवजी पश्चिमेला चालले होते; अनुकूल म्हणून ज्याची वर्दी द्यावयाची होती, तो वारा अनुकूल नव्हताच. अहाब सूर्याकडे पाहून जहाज पुन्हा शिकारीच्या दिशेला वळविण्याचा हुकूम देतो. स्टारबक काही बोलत नाही. लागतील त्या आज्ञा तो शांतपणे खलाशांना देतो.